शब्दचर्चा: राजीनामा 'झाला' की 'दिला'?

रामबागची सून
माहेर पुणे, सासर इंदूर. लग्नाला चार वर्षं झाली तरी परवा पुन्हा फजिती झाली. गाडी लावण्यावरून आमचे सासरे आणि शेजारचे काका मागच्या वर्षी हातघाईवर आले होते, प्रकरण पार कोर्टात गेलं. शनिवारी सासरे लोकअदालतीतून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "चला, राजीनामा झाला एकदाचा." मी विचारलं, "अहो बाबा, मंडळाचं अध्यक्षपद सोडलंत? गणपती तोंडावर आलेत!" सगळं घर खो खो हसतंय आणि मी चहाचा कप घेऊन तशीच उभी. तर राजीनामा म्हणजे नक्की काय? आणि तो 'झाला' कसा? आमच्याकडे तो 'देतात'.

राजेंद्रनगरकर
इथे राजीनामा म्हणजे समझौता. नोकरी सोडायची तर इस्तीफा. एवढंच आहे, सूनबाई.

जुना मुन्शी
एवढंच नाही, भिया. वकिलाच्या टेबलाशी माझी उभी हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. दोन्ही बाजू राजी असल्याचा कागद तो राजीनामा. दोघांची सही लागते, म्हणून तो 'होतो'. नोकरीतल्या राजीनाम्यावर एकट्याची सही, म्हणून तो 'देतात'. सूनबाईंनी क्रियापदावर बोट ठेवलं ते अगदी बरोबर जागी.

आता कायद्याचं. फौजदारी प्रकरण म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. त्यात दोन शेजाऱ्यांनी हात मिळवले म्हणून सरकारची केस का संपावी? तर कायद्यानेच काही गुन्ह्यांची यादी दिली आहे. आधी ती १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३२० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५९ मध्ये आहे. यादीचे दोन भाग आहेत. काही गुन्हे पक्षकार आपले आपण मिटवू शकतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते. साधी मारहाण पहिल्या भागात येते. हिंदी कायद्यात याला 'शमन' म्हणतात, मराठीत 'गुन्हा आपसात मिटवणे'. पण आमच्या आवारात शमन कोणी म्हणत नाही. पक्षकार विचारतो, "साहेब, राजीनामा होईल का?"

एक गोष्ट लोक विसरतात. मिटवण्याचा हक्क ज्याला मार लागला त्याचा असतो, आरोपीचा नाही. आणि एकदा मिटलं की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरतात. दोघांनी एकमेकांवर रिपोर्ट केले असतील, आणि गाडीच्या भांडणात ते हमखास करतात, तर दोन राजीनामे लागतात. सासऱ्यांना विचारा, एक झाला की दोन.

लॉ कॉलेज दुसरं वर्ष
काका, यात इंग्रजी शब्दाचीही गंमत आहे. शमनाला आपण कोर्टात कंपाउंडिंग म्हणतो. पण इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'कंपाउंडिंग अ फेलनी' (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा) हा स्वतःच गुन्हा होता! कोणी तुमच्या घरी चोरी केली आणि तुम्ही पैसे घेऊन फिर्याद गिळलीत, तर चोराबरोबर तुम्हीही आत. तिथे १९६७ च्या क्रिमिनल लॉ ॲक्टने फेलनी हा प्रकारच काढून टाकला. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेत कलम २१३ आणि २१४ होती: गुन्हेगाराला वाचवण्यासाठी बक्षीस घेणं किंवा देणं गुन्हा. पण तिथेच अपवाद जोडला होता, की जो गुन्हा कायद्याने मिटवता येतो त्याला हे लागू नाही. म्हणजे शब्द एकच, तिकडे तुरुंगात नेणारा, इकडे सोडवणारा.

सदाशिव पेठ
हे सगळं ठीक. पण मग आमच्या पुण्यात राजीनामा नोकरीत शिरला कसा? राजी कोण असतं त्यात? साहेब तर मुळीच नसतो.

जुना मुन्शी
प्रश्न चांगला आहे. मुंबई इलाख्यात जमीन एका खातेदाराकडून दुसऱ्याकडे जाताना दोन कागद व्हायचे, राजीनामा आणि कबुलायत. सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा सारा भरण्याची कबुलायत. तिथे राजीनामा म्हणजे 'मी राजीखुशीने हक्क सोडतो'. जमीन सोडण्यावरून शब्द खुर्ची सोडण्यावर गेला असावा, असा माझा तर्क. आमच्या माळव्याने शब्दाचा 'राजी' धरून ठेवला, तुम्ही 'सोडणं' धरलंत.

सदाशिव पेठ
पटलं. क्वचितच पटतं मला.

राजेंद्रनगरकर
विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. नाशिकचा मेव्हणा इथे भाच्याच्या जामिनाला आला होता. वकील म्हणाले, "जमानतदाराची पावती लागेल." हा भला माणूस विजेच्या बिलापासून पेट्रोलपर्यंत सगळ्या पावत्या पिशवीत घालून हजर! इथे पावती म्हणजे शेतीची ऋण पुस्तिका, जमीन कोणाची आणि तिच्यावर कर्ज किती याची वही. तिच्यावर कोर्ट नोंद करतं, की या जमिनीवर अमक्याची जमानत आहे.

लॉ कॉलेज दुसरं वर्ष
😂 जामीन शब्दही तसा दुतोंडीच. 'जामीन मिळाला' म्हणजे सुटका, 'जामीन राहिला' म्हणजे हमी घेणारा माणूस. मूळ अरबी शब्द माणसाचाच. हिंदीने सुटकेला जमानत आणि माणसाला जमानतदार असे दोन शब्द ठेवले, मराठीने एकावरच भागवलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत बेलची, म्हणजे जामिनाची, व्याख्या पहिल्यांदाच आली, जुन्या १९७३ च्या संहितेत ती नव्हती. हमीदारासह असेल तो बेल बाँड, हमीदाराशिवाय असेल तो नुसता बाँड, म्हणजे आपला जातमुचलका.

रामबागची सून
बाप रे. म्हणजे निवडणुकीत इथे 'जमानत जब्त' होते, ती आमची अनामत रक्कम?

राजेंद्रनगरकर
तीच. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की गेली. आणि हो, पोलीस ठाण्यात चुकूनही 'तक्रार करायची आहे' म्हणू नका. हिंदीत तकरार म्हणजे भांडण. हवालदार विचारेल, "किससे?"

जुना मुन्शी
त्याहून जपायचा शब्द 'दोषमुक्त'. इथल्या हिंदी निकालात दोषमुक्त म्हणजे खटला पुरा चालून निर्दोष सुटला. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रात बहुधा आरोप ठेवण्याआधीच सोडलं तर दोषमुक्त छापतात, त्याला इथे 'उन्मोचित' म्हणतात. फरक वरवरचा नाही. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, उन्मोचिताला ते कवच नसतं. पुण्याच्या मुलाचं स्थळ आलं आणि कागदावर दोषमुक्त दिसलं, तर आधी विचारा निकाल कुठल्या कोर्टाचा.

सदाशिव पेठ
पुण्याचाच मुलगा का?

रामबागची सून
विचारलं सासऱ्यांना. दोन राजीनामे झाले, मुन्शीकाका म्हणाले तसेच. मग हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. आता म्हणतात, मंडळाचं अध्यक्षपद खरंच सोडायचं आहे, वय झालं. पण अर्जावर 'राजीनामा' लिहायला तयार नाहीत. म्हणे, "लोक विचारतील, अब किससे झगड़ा हुआ?"