'आइस टी'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी: मूतखड्यावरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'आइस टी'ला 'थंड चहा' लिहिलं. मजकूर आईला वाचायला दिला, तर तिनं साय धरलेला अर्धा कप मोरीत ओतला. "निवलेल्या चहानं खडा होतो, हे आत्ता सांगतेस?" दुसरा शब्द सुचवा.

साखरपेठकर: शीतचहा. सुटसुटीत, आणि आपला.

कडकभाकरी: मे महिन्यात नव्या पेठेत 'एक शीतचहा द्या' म्हणून बघा. पोऱ्या आयुर्वेदिक दुकानाचा पत्ता देईल. आणि 'आपला' कुठला? 'चहा'च चिनी 'छा'वरून आलाय. लोक 'आइस टी' म्हणतात, तेच ठेवा.

पूर्वभागातली: आमच्या तेलुगूत 'चल्ल' म्हणजे ताक, 'चल्लनि' म्हणजे गार. उन्हाळ्यात काय प्यावं ते शब्दातच सांगून ठेवलंय. 😄

साखरपेठकर: मग पेयच परकं म्हणा ना. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रदर्शनात उकाड्यापायी गरम चहा कुणी घेईना, म्हणून रिचर्ड ब्लेचिंडेननं त्यात बर्फ टाकला.

जुनीमिल: ती दंतकथा हो. व्हर्जिनियातल्या १८७९ च्या पाककृतींच्या पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आहे. प्रदर्शनानं फार तर बोलबाला केला. ताई, तुमच्या पत्रकाला गारव्यापेक्षा दुधाचं महत्त्व जास्त. चहात ऑक्झलेट असतं, त्याचेच खडे होतात. त्याला दुधातलं कॅल्शियम पोटातच धरून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी उतरतं. बिनदुधाच्या चहात ही सोय नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आर्कन्सॉच्या ५६ वर्षांच्या माणसाची केस छापून आली होती. रोज १६ ग्लास आइस टी! मूत्रपिंडं निकामी, डायलिसिसवर गेला. आईंचा सायीचा अर्धा कप कुठे आणि हे कुठे! 'बर्फातला कोरा चहा' लिहा.

कडकभाकरी: 'कोरा' म्हणजे बिनदुधाचा, की बिनसाखरेचाही? बाटलीतल्या आइस टीत साखर रग्गड असते. वाचणारा मधुमेहवाला फसायचा.

जुनीमिल: कोरा म्हणजे बिनदुधाचा. आमच्या घरी कोऱ्यात गूळ असायचा.

पूर्वभागातली: त्याला आम्ही डिकाशन म्हणतो.

साखरपेठकर: डिकाशन कॉफीचं! चहाचं कसलं डिकाशन?

पूर्वभागातली: आमच्या गल्लीत येऊन सांगा हे.

भाषांतरी: अहो, उद्या छापायला जातंय. इकडे आई चहा उकळता पितेय, जीभ पोळून घेतलीन.

साखरपेठकर: पत्रकात 'मूतखडा' दीर्घ लिहिलायत का? ऱ्हस्व हवा.

कडकभाकरी: कोणत्या नियमानं?