नजर गेलेल्या वडिलांसाठी फोन सुचवा (बजेट १५ हजार)

अशोकचौककर
नमस्कार मंडळी. अण्णांची नजर काचबिंदूनं गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर (माग जुळवणारे, दुरुस्त करणारे) होते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, मराठी त्यांना पक्की येते, इंग्रजी नाही. पेन्शन जमा झाली का, हेसुद्धा मला विचारावं लागतं म्हणून चिडतात. बोलणारा फोन घ्यावा म्हणतोय. कोणता घेऊ? आणि बँकवाले एटीएम कार्ड द्यायला तयार नाहीत, "मुलासोबत जॉइंट खातं करा" म्हणतात. त्याचं काय करायचं?

होटगीरोड_७७
मालक, या वयात फोन कशाला? तुम्हीच बघून सांगत जा की. ओटीपीच्या भानगडीत कुणीतरी गंडवेल.

कानानेवाचतो
होटगीरोड, पैसे त्यांचे आहेत, पिनही त्यांचाच असू द्या. मुलाला पिन सांगून ठेवणं यात कसली आलीय सुरक्षितता?

मी स्वतः पूर्ण अंध आहे, हे बोलून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

अशोकचौककर, वेगळा 'बोलणारा फोन' शोधू नका. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, असतंच. सेटिंगमध्ये सुगम्यता की ॲक्सेसिबिलिटी असं काहीतरी असेल, त्यात सापडेल. कंपनी कुठलीही चालेल, पण रॅम ६ जीबी तरी बघा, स्वस्तातल्या फोनवर टॉकबॅक अडखळतं आणि माणूस वैतागून फोन ठेवून देतो. इयरफोनचं भोक असलेलाच घ्या. टॉकबॅक सगळं मोठ्यानं वाचतं, पिन टाकताना चारचौघांत आकडे ऐकू जायला नकोत.

तेलुगू आणि मराठी दोन्ही आवाज गूगलच्या स्पीच सेटिंगमधून उतरवून घ्या. बँकेचा मेसेज इंग्रजीत आला तर मराठी आवाज तो कसाबसा वाचतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

एक विचारायचं राहिलं. लूमवर इतकी वर्षं काढलीत, तर ऐकू नीट येतं का?

अशोकचौककर
तेच तर. धागा तुटला की आवाजावरून ओळखायचे म्हणे. आता टीव्ही मोठा लावतात, नातीचं बोलणं कळत नाही.

कानानेवाचतो
मग आवाज वाढवून भागणार नाही. खडखडाटानं आधी बारीक, उंच पट्टीचं ऐकू येणं जातं. स्पीच सेटिंगमध्ये पिच खाली आणा, वेग कमी ठेवा, पुरुषी आवाज निवडून बघा. एका दुपारी शेजारी बसून हे जुळवा. आणि शिकवताना त्यांच्या हातातून फोन ओढून घेऊ नका, आमच्या घरी सगळे तेच करायचे. बोट फिरवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. आठवडाभर फक्त फोन लावणं-उचलणं शिकवा. पैशांचं नंतर.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप टाका. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, नेट नसलं तरी.

विजापूरवेस
बँकेचं मी सांगतो, या विषयात कागद बरेच फिरवलेत. नजर नाही म्हणून एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग, लॉकर नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच बँकांना कळवलंय. जॉइंट खात्याची सक्ती कशाच्या आधारावर, ते लेखी द्या म्हणावं. बहुतेक तिथंच घोडं पुढं सरकतं. नाही सरकलं तर शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

ऑनलाइन केवायसीला कॅमेऱ्यासमोर 'डोळे मिचकवा' म्हणून अडवलं तर ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. डिजिटल सेवा वापरता येणं कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरलंय, आणि मिचकवण्याला दुसरा पर्याय द्यायला सांगितलंय.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का? नसेल तर आधी ते. अर्ज ऑनलाइन करा, तपासणीसाठी सिव्हिलला जावं लागेल. एसटीची सवलत वगैरे पुढच्या बऱ्याच गोष्टींना तेच मागतात.

होटगीरोड_७७
जॉइंट खात्याचं मला माहीत नव्हतं. आमच्या मामांनाही असंच परत पाठवलं होतं, त्यांना सांगतो.

अशोकचौककर
यूडीआयडी नाही अजून, आजच अर्ज भरतो. माझ्याच फोनवर तेलुगू आवाज उतरवून पिच खाली आणला आणि अण्णांना ऐकवला. म्हणाले, कळतंय, पण हा फार हळू बोलतोय, वाढव. सोलापुरात नवी पेठेत इयरफोनचं भोक असलेला ६ जीबीचा कुणी नुकताच घेतला असेल तर मॉडेल सांगा.