रिअ‍ॅक्ट आधी की जावास्क्रिप्ट आधी?

हिंजवडीकर (धागाकर्ता)
महिनाभर फ्रेशर मुलामुलींच्या फ्रंट-एंडच्या (वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग लिहिण्याच्या कामाच्या) मुलाखती घेतोय. जवळजवळ प्रत्येकाच्या रेझ्युमेवर पहिला शब्द रिअ‍ॅक्ट, म्हणजे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली, वेबपानं बांधायची तयार लायब्ररी. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टू-डू लिस्ट, हवामानाचं अ‍ॅप, एखाद्या शॉपिंग साइटची नक्कल. मी एकच काम देतो: नाव लिहायला एक रकाना, शेजारी बटण, बटण दाबलं की नाव खालच्या यादीत यावं. रिअ‍ॅक्ट नाही, नुसता ब्राउझर. वेळ २० मिनिटं.

काल एक हुशार मुलगा इथेच अडकला. बटण दाबलं की नाव क्षणभर दिसायचं आणि गायब व्हायचं. बटण फॉर्मच्या आत होतं, त्यामुळे फॉर्म सबमिट होऊन पान नव्याने लोड होत होतं. ब्राउझरची ही आपोआप होणारी कृती थांबवणारी प्रिव्हेंट-डिफॉल्टची एक ओळ हवी होती. त्याला वाटलं ब्राउझर बिघडलाय. चार प्रोजेक्ट लाइव्ह असलेला मुलगा! दोष त्याचा नाही. त्याच्या क्लासने तिसऱ्याच आठवड्यात रिअ‍ॅक्ट सुरू केलं होतं.

माझं ठाम मत: पहिले चार महिने एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं रूप) आणि साधी जावास्क्रिप्ट. तोवर रिअ‍ॅक्टला हात लावू नये.

पारनेरची
सर, मुद्दा पटतो, पण चार महिने कोणाच्या जिवावर काढायचे? माझं बीसीएस झालं तेव्हा घरी पतसंस्थेचं कर्ज होतं आणि कांद्याला भाव नव्हता. पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. नोकरीच्या जाहिराती उघडून बघा, प्रत्येकीत रिअ‍ॅक्ट लिहिलेलं असतं. रेझ्युमेत तो शब्द नसेल तर एचआरचा फोनच येत नाही, मग तुमच्यासमोर येऊन साधी जावास्क्रिप्ट कधी दाखवणार? मी सहा आठवड्यांत रिअ‍ॅक्ट शिकले, छोट्या कंपनीत लागले आणि क्लोजर (फंक्शनने बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणं) काय असतं ते पहिल्या पगारानंतर समजून घेतलं. घरी थांबायची सोय असेल त्याने पायापासून चढावं. सगळ्यांना तो नियम लावू नका.

जुना गडी
ताई, घाईचं कारण खरं आहे, पण मी काय भोगलं तेही ऐका. २००९ मध्ये जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर सुरुवात केली. मग अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क आलं, त्यात दोन वर्षं घातली. २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते इतकं वेगळं की जुनं ज्ञान बरंचसं वाया गेलं, आणि २०२१ अखेर जुन्याचा सपोर्टच संपला. रिअ‍ॅक्टमध्येही तेच. क्लास कंपोनंट (पानाचे तुकडे लिहायची जुनी पद्धत) हाताला बसले तर २०१९ मध्ये हुक्स ही नवी पद्धत आली. सगळे शिकवणीवाले ज्याने पहिला धडा सुरू करायचे ते क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप २०२५ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टवाल्यांनीच मोडीत काढलं. पण त्या पहिल्या वर्षी शिकलेलं इव्हेंट बबलिंग (क्लिक आतल्या घटकाकडून बाहेरच्याकडे जाणं) आणि बॉक्स मॉडेल (घटकाची रुंदी, कडा, मोकळी जागा यांचा हिशोब) मला आजही रोज लागतं.

पारनेरची
दादा, पण तुम्हीही सुरुवात जेक्वेरीनेच केलीत ना? तेव्हा नोकरी जेक्वेरीवर मिळत होती, आज रिअ‍ॅक्टवर मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे.

जुना गडी
हे मात्र मान्य. बबलिंगसुद्धा मी जेक्वेरीचा एक बग शोधतानाच शिकलो.

तळेगावचा वाचक
मी डोळ्यांनी पाहू शकत नाही, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करतो. मागच्या आठवड्यात एका साइटवर बिल भरत होतो. ‘पुढे जा’ हे बटण नव्हतंच, ती क्लिक लावलेली डिव्ह (एचटीएमएलमधला नुसता रिकामा डबा) होती. टॅब दाबत राहिलो, फोकस तिच्यावर थांबेना, रीडर ‘बटण’ म्हणेना. शेवटी शेजारच्या मुलीला बोलावून तिच्यासमोर कार्डाचे आकडे सांगावे लागले. तिथे खरं बटण वापरलं असतं तर फोकस, एंटर, स्पेस सगळं ब्राउझरने आपणहून दिलं असतं. रिअ‍ॅक्टमध्येही बटण लिहिता येतंच. लिहिणाऱ्याला फरक कोणी सांगितला नव्हता. तुमच्या चार महिन्यांतला निदान एक आठवडा नुसत्या एचटीएमएलला द्या, एवढंच कळकळीने मागतो.

नवा प्रवाह
मला दोन्ही बाजू जुन्या वाटतात. कोड आता एआय लिहितं. काय हवं ते नीट सांगता आलं की झालं.

हिंजवडीकर
एआय आम्हीही रोज वापरतो, म्हणूनच सांगतो. एका कार्यक्रमाच्या बिल्ल्यांसाठी फॉर्म करून घेतला होता. नावाला आठ अक्षरांची मर्यादा हवी होती. एआयने लेंग्थ मोजून आठनंतर कापणारा कोड दिला. इंग्रजी नावांवर उत्तम चालला. ‘ज्ञानेश्वर’ टाकलं तर बिल्ल्यावर आलं ‘ज्ञानेश्’. आपल्याला हे नाव चार अक्षरांचं दिसतं, पण जावास्क्रिप्ट हलन्त, काना, मात्रा सगळं वेगळं धरते आणि लेंग्थ दहा येते. स्ट्रिंग (कोडमधला मजकूर) म्हणजे काय हे माहीत असलेल्या मुलीने छपाईआधी ते पकडलं. नुसतं सांगता येणाऱ्याला इथे काय सांगायचं हेच सुचलं नसतं.

पारनेरच्या ताईंना मात्र उत्तर देणं अवघड जातंय. चार महिने हा माझा हट्ट मी कमी करतो. एक महिना तरी द्याच, त्याखाली मी येणार नाही.

सांगलीचा, तिसरं वर्ष
मग मी नेमकं काय करू? प्लेसमेंट डिसेंबरात आहे. घरी लॅपटॉप एकच, तो संध्याकाळीच मिळतो.

पारनेरची
भावा, हा महिना साध्या जावास्क्रिप्टला दे, सरांचं ऐक. एमडीएन ही वेब शिकायची साइट फुकट आहे, व्हिडिओपेक्षा तेच वाच. पुढच्या महिन्यात रिअ‍ॅक्ट घे आणि आधी केलेलंच त्यात पुन्हा लिही, म्हणजे रिअ‍ॅक्ट आपलं कोणतं काम वाचवतं ते हाताला कळेल. अर्ज मात्र आजपासून टाकत जा. तयारी पूर्ण होण्याची वाट बघू नकोस.

सांगलीचा, तिसरं वर्ष
काल रात्री सरांचं ते नावाचं काम केलं. माझंही पान रिलोड झालं, पण वर वाचलेलं असल्यामुळे लगेच सापडलं. एंटर दाबूनही नाव येतंय. आता पान रिफ्रेश केलं की यादी जाते. लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली साठवण) वापरू का?

पारनेरची
हो, तेच वापर. त्यात फक्त स्ट्रिंग राहते, म्हणून यादी ठेवताना जेसॉन-स्ट्रिंगिफायने तिचा मजकूर कर आणि काढताना जेसॉन-पार्सने पुन्हा यादी कर. पहिल्या वेळी ते रिकामं असेल, नल (‘काहीच नाही’) मिळेल, ते आधी सांभाळ. झालं की कोड इथे टाक, मी बघते.