समुद्रातल्या काळ्या पत्थराखाली तेल शोधाले पैसा लावावा का नाही?

दारव्हेकर: मंडळी, विषय दूरचा वाटन पण पत्थर आपलाच हाय. आपल्या वावराखालचा काळा बेसाल्ट पश्चिमेकडं अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेला हाय, आणि कोकण-केरळ, सौराष्ट्र, कच्छच्या बाजूनं त्याच्याखाली डायनासोरच्या काळातला जुना गाळ असण्याची शक्यता सांगतात, म्हणजे तेल-गॅसचीही. मी दोन सिझन जमिनीवरच्या सायस्मिक सर्व्हेत (जमिनीत आवाजाची लाट सोडून, परत येणाऱ्या लाटेवरून खालच्या थरांचं चित्र काढतात तो) लाइनवर होतो, जिओफोन म्हणजे हादरे पकडणारी यंत्रं गाडायचो. बाजूनं बैलबंडी गेली तरी रेकॉर्डिंग थांबवा लागे, इतकं बारीक हादरं पकडते ते. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणते, मले वाटते इथं पैसा लावलाच पाहिजे.

कपाशीवाला: भाऊ, नाही पटलं. माह्या वावरात ३ बोअर फेल गेले. शेवटच्यात ४०० फुटापर्यंत नुसती राखाडी भुकटी उडत होती, बायको पदर तोंडाले लावून उभी, अन् पाणाडी म्हणे अजून ५० फूट घ्या. पायाखालचं पाणी सापडत नाही तं समुद्राखालचं तेल काहून शोधता? पहिले इकडं खर्च करा.

दारव्हेकर: दादा, तुमचं दुःख खरं हाय, पण दोन्ही कामं वेगळी हायेत, पाणी पाहाले जमिनीत करंट सोडून पाहतात. समुद्रात अडचण अशी का गाळात आवाजाची लाट सेकंदाले २-३ किलोमीटर जाते अन् बेसाल्टात ५-६, म्हणून बरीचशी लाट वरच्या वरच पलटते. जी आत जाते ती थरावर थर लाव्हा, मधात गेरूसारखी लाल माती, यात विखरून जाते, वरच्या सुराचा बारीक आवाज तं मरूनच जाते. म्हणून जड, खालच्या सुराचा आवाज अन् जहाजामागं परत येणारी लाट पकडणारी ८-१० किलोमीटर लांब केबल लागते.

वणीचा गडी: चित्र कितीही काढा, बोअर मारल्याशिवाय खरं कळत नाही. कोयनेले पहिल्या खोल बोअरमध्ये ९३३ मीटर बेसाल्ट लागला अन् खाली थेट ग्रॅनाइट, मधात गाळच नाही! समुद्रात तसंच निघालं तं एका विहिरीत कोट्यवधी बुडतीन.

दारव्हेकर: तेच तं, खाली गाळ हाय का सरळ ग्रॅनाइट हे आधी समजावं म्हणूनच चित्र पाहिजे. मुंबईजवळच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ क्षेत्राचं तेल १९७४ ले सापडलं कारण ते बेसाल्टाच्या वरच्या चुनखडीत होतं, लाट अडली नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ समुद्रात रोझबँक नावाच्या ठिकाणी २००४ मध्ये लाव्हाच्या थरांच्या मधातल्या वाळूच्या खडकात तेल लागलं, म्हणजे लाव्हा दिसला का सोडून द्या असं नाही ना.

दिग्रसची सून: माझं माहेर कोकणातलं, म्हणून बोलते. ती लांब केबल ओढणारं जहाज आलं की मच्छीमारांना जाळी काढून बाजूला व्हावं लागतं, आणि एअरगन, म्हणजे दाबलेली हवा सोडून आवाज करणारं यंत्र, दर काही सेकंदांनी वाजत राहते. माझ्या भावाचे तेवढे दिवस होडी किनाऱ्यावर, बर्फाचे पैसे अंगावर. तेल देशाचं आणि खाडा फक्त त्याचा, हे मला मान्य नाही.

दारव्हेकर: ताई, हे बरोबर. आमची लाइन वावरातून जाय तेव्हा तुडवलेल्या पिकाचा मोबदला लिहून घेत, तसा होडीच्या खाड्याचाही आधीच ठरला पाहिजे. त्याशिवाय सर्व्हे नको, मीही म्हणतो.

कपाशीवाला: माहं मत तेच हाय, पहिले पाणी. पण तो करंट सोडून पाहणारा माणूस ओळखीचा असन तं नंबर मेसेजमध्ये पाठव भाऊ, चौथं बोअर पाणाड्याच्या नारळावर नाही घेत आता.