मदत हवी आहे: राकू भट्टीसाठी हातमोजे कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,
आजवर भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच मातीची भांडी बाहेर काढायची सवय. आता आम्ही तिघी मैत्रिणी मिळून गॅसवरची छोटी राकू भट्टी करतोय. त्यात ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) वितळलं की साधारण ९०० ते १००० अंशांवर, भांडं लालभडक असतानाच चिमट्याने उचलून भुशाच्या डब्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. लांब दांड्याचा चिमटा करून घेतलाय. अडलंय ते हातमोज्यांवर.

पुण्यात बोहरी आळीत तीन प्रकार बघितले: वेल्डिंगचे चामडी, पिवळे विणलेले केव्हलारचे (उष्णतेला टिकणारा कृत्रिम धागा) आणि राखाडी, जाड ॲस्बेस्टॉसचे. दुकानदार म्हणाला, "ताई, ॲस्बेस्टॉसला तोड नाही." ऑनलाइन तर '८०० अंशांपर्यंत' लिहिलेले बार्बेक्यूचे मोजेही आहेत. त्यावर कितपत विश्वास ठेवायचा? माझे हात लहान आहेत, वेल्डिंगच्या मोज्यात चिमट्याची पकडच येत नाही.

प्रतिसाद १
ॲस्बेस्टॉस अजिबात नको, फुकट मिळाले तरी. मोजे झिजले की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्रास कित्येक वर्षांनी दिसतो.
'८०० अंश' हा आकडा सोडून द्या. किती वेळ, आणि नुसती धग की प्रत्यक्ष स्पर्श, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मोज्यावर ईएन ४०७ चं (उष्णतेपासून बचावाच्या मोज्यांचं युरोपीय मानक) चिन्ह आणि त्याखाली सहा आकडे आहेत का बघा. पहिला ज्वाळेचा, दुसरा स्पर्शाचा, चौथा धगीचा. स्पर्शाला २ म्हणजे २५० अंशांची वस्तू किमान १५ सेकंद, सर्वात वरचा ४ म्हणजे ५०० अंश. थोडक्यात, लाल भांडं हातात धरायचा मोजा नसतोच, ते काम चिमट्याचं. तुम्हाला चौथा आकडा चांगला हवा. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी झालेली नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. केव्हलार वितळत नाही, पण विणीतून धग आत येते. आमच्याकडे केव्हलारचं अस्तर असलेले, कोपरापर्यंतचे चामडी मोजे वापरतात. चामडं तापून तापून आकसतं, कडक होतं, मग बदलायचे. लहान मापाचे मागून घ्या, मिळतात. रबराचा थर असलेले नकोत.
आणि मोजे कोरडे ठेवा! भुशाच्या डब्याशेजारी पाण्याची बादली असतेच. ओल्या मोज्यातून उष्णता झटकन आत शिरते, वर वाफेने भाजतं ते वेगळंच.

धागाकर्ती
दोघांचे आभार. ॲस्बेस्टॉस बाद. अस्तरवाले चामडी मोजे बघते, चिमटा बरोबर घेऊनच दुकानात जाईन. पुण्यात लहान माप कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? नाहीतर मुंबईला नागदेवीच्या बाजारात चक्कर मारावी लागेल.

प्रतिसाद २
चिमटा न्याच. आणि त्या दिवशी ओढणी, सिंथेटिक कुर्ता नको. सुती, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला.