पेल्विस म्हणजे कंबर, खुबा की ओटीपोट?

मुद्रितशोधक: रस्ते-अपघातातल्या प्रथमोपचाराची पुस्तिका तपासायला आली आहे. मुळातल्या ‘पेल्विक बाइंडर’ला, म्हणजे मोडलेल्या पेल्विसभोवती (कण्याखालच्या हाडांच्या कड्याभोवती) आवळायच्या पट्ट्याला, अनुवादकाने ‘कमरेचा पट्टा’ म्हटलंय. बांधायची जागा तर कमरेच्या बरीच खाली. ‘खुब्याचा पट्टा’ चालेल का? की ‘ओटीपोटाचा’?

अस्थिपंजर: ‘कमरेचा’ अजिबात नको. लोक पँटचा पट्टा असतो तिथेच बांधतील, आणि नेमकी तीच नेहमीची चूक आहे. मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्या दोन उंचवट्यांच्या पातळीवर पट्टा हवा. त्याच्या वर, इलियमच्या (कड्यातल्या वरच्या पसरट हाडाच्या) कडेवर आवळला तर पुढचा जघनसांधा, म्हणजे दोन्ही बाजूंची हाडं पुढे जुळतात तो सांधा, नीट मिटत नाही. तयार पट्टा नसेल तर चादरीची वीतभर रुंद घडी गुडघ्यांखालून घालून वर सरकवायची. माणसाला कुशीवर लोळवायचं नाही. गुडघे जवळ आणून, पावलं आत वळवून तीही बांधायची. आणि हाड हलतंय का हे दाबून बघायचं नाही, म्हणजे नाहीच! धरलेली रक्ताची गुठळी सुटते. आत काही लिटर रक्त साठलं तरी बाहेर थेंब दिसत नाही.

तळटीप: ‘खुबा’ही अडचणीचाच. ‘आजींचा खुबा मोडला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मांडीच्या हाडाची मान मोडलेली असते. सांध्याची वाटी श्रोणीची (म्हणजे पेल्विसची), गोळा मांडीच्या हाडाचा, नाव एकच. ‘ओटीपोट’ म्हटलं तर पट्टा पोटावर जाईल.

देववाणी: सरळ ‘श्रोणिमेखला’ लिहा. शब्द तयार आहे, पाठ्यपुस्तकात आहे.

तळटीप: मेखला म्हणजे कमरेचा दागिना, म्हणजे फिरून कंबरच! शिवाय काटेकोर बोलायचं तर मेखलेत फक्त दोन नितंबास्थी, म्हणजे दोन्ही बाजूंची हाडं. मागचं त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) आणि माकडहाड धरलं की मग पूर्ण श्रोणी. पट्टा तर पूर्ण कड्याला लागतो.

देववाणी: सुश्रुतसंहितेत श्रोणीची हाडं पाच मोजली आहेत, त्रिक धरून. तेव्हा मागचं हाड वगळायची सवय आपली नव्हे. आणि हे शब्द सैल नाहीत. अमरकोशात नितंब मागचा आणि जघन पुढचं, म्हणून प्यूबिस या पुढच्या हाडाला ‘जघनास्थी’ अगदी चपखल.

अस्थिपंजर: पाच कसे धरले ते वेगळं गणित आहे. जन्मतः एका बाजूचंच हाड तीन भागांचं असतं: इलियम, इस्कियम, प्यूबिस. तिन्ही खुब्याच्या वाटीत भेटतात आणि वयात येताना तिथेच सांधले जातात. लहान मुलाच्या एक्स-रेत वाटीतली ती फट फ्रॅक्चर समजली जाते ती यामुळेच.

भाषागंध: लॅटिन पेल्विस म्हणजे पसरट भांडं. ‘श्रोणी’चा लॅटिन भाऊबंद ‘क्लूनिस’, आणि त्याचा अर्थ ढुंगण. म्हणजे एक शब्द आतली पोकळी बघतो, दुसरा बाहेरचा मांसल भाग. दोन्ही एकच कसे होतील?

देववाणी: व्युत्पत्तीवर अर्थ ठरत नसतो. नाहीतर माकडहाड फक्त माकडांना असायला हवं.

रिकामटेकडा: माकडहाडाचं निघालंच आहे म्हणून. ‘बसून बसून माकडहाड झिजलं’ हे काय असतं?

अस्थिपंजर: ताठ बसलं की वजन इस्कियमच्या खालच्या दोन गाठींवर येतं, म्हणूनच तिला ‘आसनास्थी’ म्हणतात. खुर्चीत मागे रेलून घसरलं की मग माकडहाडावर भार येतो. उभं राहिल्यावर वाट निराळी: कण्यातून त्रिकास्थी, तिथून त्रिक-इलियम सांधा, मग वाटी, मग मांडी. त्या सांध्याच्या मागचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे लिगामेंट) इतके दणकट असतात की ते तुटले म्हणजे धडक जबर होती असं समजा.

मुद्रितशोधक: मग पट्ट्याला काय लिहू?

भाषागंध: आधी ‘अस्थिबंध’ की ‘संधिबंध’ ते ठरवा. ‘स्नायुबंध’ म्हणणारेही आहेत.

देववाणी: ‘स्नायुबंध’ चूक. आयुर्वेदात स्नायू म्हणजेच मुळात बंध. मसलला ‘स्नायू’ म्हणायची सवय नंतरची, खरा शब्द ‘पेशी’.

रिकामटेकडा: मग सेलला काय म्हणायचं?