प्रतिसाद: पश्चिमेची भिंत, वॉलपेपर आणि आरसा

जळगावच्या घरात दिवाणखान्याच्या चारही भिंतींना फुलांच्या नक्षीचा वॉलपेपर लावावा आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर मोठा आरसा टांगावा, असा विचार आपण मांडला आहे; त्यात थोडी भर घालतो. वॉलपेपर एकाच भिंतीला, आणि तीही ऊनपाऊस न झेलणारी आतली भिंत असेल, तरच लावावा. आमच्या धुळ्याच्या घरी तो पश्चिमेच्या भिंतीला लावला होता. पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटल्या, आणि कागद सोलून पाहिला तेव्हा मागे ओलीने भिंतीवर फुटणाऱ्या क्षाराची (लोणा) पांढरी भुकटी व बुरशीचे काळे ठिपके निघाले. शिवाय कानबाईच्या रोटांआधी (खानदेशातला श्रावणातील सण) घर रंगवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि या कागदावर रंगाचा हात फिरवता येत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

५३ सेंटिमीटर रुंद व १० मीटर लांब रोल हिशेबाने ५७ चौरस फूट भरतो, परंतु मोठी नक्षी पट्टीला पट्टी जुळवताना बराच कागद कापला जातो, म्हणून एक रोल जास्तीचा घ्यावा.

आरसा मात्र खिडकीसमोर नकोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा दुपारचे ऊन तो थेट बैठकीवर फेकेल. खिडकीलगतच्या काटकोनातील भिंतीवर तो लावल्यास उजेड खेळतो आणि डोळेही दिपत नाहीत. चित्रे नक्षीदार कागदावर हरवतात, ती समोरच्या साध्या भिंतीवरच शोभतील.